सत्तर रुपयांचे निधन

परवा एका आडबाजूच्या फाट्यावर उतरलो आणि बस धुरळा उडवीत वळणाआड गेल्यावर स्मरले, की वाहकाने तिकिटाच्या पाठीवर टिपून दिलेले सत्तर रुपये परत घ्यावयाचे मी साफ विसरलो आहे. माझी मुद्रा पाहून चहाच्या टपरीवर बसलेल्या, मिसरूडही धड न फुटलेल्या एका पोराने कारण विचारले, आणि मी रक्कम सांगताच डोक्यावरची टोपी काढून त्याने अत्यंत गंभीरपणे एकच क्रियापद उच्चारले : ‘वारले.’

‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट १९८८ सालचा. त्या वेळी या पोराच्या आईबापांचीही ओळख झालेली नसावी. तथापि मधुमेहावरच्या इस्रायली औषधापायी सरपोतदार नामक घरमालकाच्या सत्तर रुपयांना जी गती मिळाली, तिची वार्ता कोणत्याही दस्तऐवजावाचून, निव्वळ वारसाहक्काने त्याच्यापर्यंत पोहोचली होती. या विनोदाचे मर्म मला व्याकरणात दिसते. जनावर मरते, शत्रू ठार होतो, थोरांना देवाज्ञा होते. ‘वारणे’ हे मात्र शेजारच्या पांढरपेशा काकांसाठी राखून ठेवलेले सभ्य मरण, आणि सत्तर रुपये मुळातच अनेकवचनी असल्यामुळे आदरार्थी बहुवचनाचा मान त्यांना आयताच लाभतो. एकच रुपया असता तर तो ‘वारला’ असता, आणि कुणी फारसे हसले नसते.

लोक लक्ष्मीकांत बेर्डे यांनी स्त्रीवेषात रंगविलेल्या पार्वतीवर लुब्ध असतात. माझा कौल सुधीर जोशी यांच्या सरपोतदारांना. फसविणारे नट पुष्कळ, अब्रूने फसणारा विरळा.

आमच्या आत्याला मात्र हा चित्रपट विनोदी आहे हेच मान्य नव्हते. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांची भाडेकरू म्हणून तिची हयात गेली. त्यामुळे लग्न झालेल्यांनाच जागा मिळेल या अटीपायी दोन पुरुष स्त्रीवेष घेतात, ही कथा ती एखाद्या फिर्यादीच्या सुनावणीला बसावे तशी, पाठ ताठ ठेवून पाही. आम्ही खिदळू लागलो की ती दटावी, ‘हसताय काय रे? जागेसाठी माणसं काय काय करतात! यांनी नुसती लुगडीच नेसली.’ चित्रपटाचे नायक धनंजय माने थाप मारू लागले, की मुखत्याराने अशिलाची बाजू चोख मांडावी तसे समाधान तिच्या चेहऱ्यावर उमटे. सरपोतदारांची तिला कणव येत नसे, कारण घरमालक म्हटला की त्याची बाजू ऐकून घेण्यापूर्वीच तिचा निवाडा झालेला असे. पार्वतीच्या खोट्या डोहाळजेवणाचा प्रसंग आला, की मात्र ती उठून स्वयंपाकघरात जाई आणि बराच वेळ भांडी घाशी. आत्याला मूलबाळ नव्हते. आम्हांला वाटे, तिला तो प्रसंग आवडत नाही.

ती गेली, वाडाही पाडला गेला. पत्र्याच्या डब्यात तिने सालवार बांधून ठेवलेल्या भाडेपावत्यांचे दप्तर माझ्याकडे आले. त्यांतल्या एका पावतीच्या पाठीवर तिने भरल्या वांग्यांचा मसाला लिहून ठेवला आहे. तिळाचे प्रमाण तेवढे पुसट झाले आहे, आणि दर खेपेला ते मी अंदाजानेच घालतो.