उतरणीचे पाणी

बँकेत असताना कर्जाच्या प्रत्येक प्रकरणात मी आधी ‘मार्जिन’ पाहत असे. तारण शंभर रुपयांचे असेल, तर कर्ज शंभर रुपये द्यायचे नाही. भाव उतरलाच तर सावरण्यापुरते अंतर राखायचे. उभी नोकरी ज्या नियमावर केली, तो गेल्या वैशाखात एका सकाळी मी साफ विसरलो.

लग्नसराईमुळे चिरंजीव व सूनबाई दुकानात गुंतलेले. अकरा वर्षांच्या नातवाला सुटीत कळसूबाई दाखवण्याचे मी कबूल केले होते. महाराष्ट्रातील हे सर्वोच्च शिखर, उंची १६४६ मीटर. तरुणपणी ते दोनदा चढल्याचा मला अभिमानही होता. नाशिकहून पहाटे निघायचे ठरले. प्रत्यक्षात न्याहारी उरकून, अकोले तालुक्यातील बारी गावातून पायवाटेला लागेपर्यंत नऊ वाजले. सौभाग्यवतींनी गाळून उकळलेले तीन लिटर पाणी बरोबर दिले होते.

पहिला तास आनंदात गेला. जाळीतली करवंदे काळी पडू लागली होती. नातवाने ओंजळभर वेचली. पुढे मात्र सावली संपली. दोन्ही बाजूंना वाळलेले गवत, पायाखाली काळा कातळ आणि त्यातून वर येणारी धग. लोखंडी शिडीचा कठडा हाताला चटके देऊ लागला.

“आजोबा, जरा बसू या ना.”

“वर गेल्यावर बसू.”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले. मी तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा त्याने विचारलेच नाही, तो मटकन खाली बसला. चेहरा पांढरा, अंग घामाने चिंब, डोके गरगरत असलेले. बाटलीत जेमतेम चार घोट होते.

सुदैवाने जवळच सरबताचे एक खोपटे होते. तेथील आजीबाईंनी त्याला सावलीत आडवे केले, पाय गाठोड्यावर उंच ठेवले, ओल्या फडक्याने मान पुसली आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग परतला. अंग तापून माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. तेव्हा अंग गार करीत तातडीने दवाखानाच गाठावा लागतो, हे नंतर डॉक्टरांनी समजावले. आम्ही त्या उंबरठ्यावरून परतलो होतो.

“पाणी किती आणलं व्हतं, बाबा?” आजीबाईंनी विचारले.

“तीन लिटर.”

“चढायला का उतरायला?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी हिशेब केला होता तो केवळ चढणीचा.

त्यांनी सरबताचे पैसे घेतले. हंड्यातल्या पाण्याचे घेतले नाहीत. तो हंडा पहाटे त्यांनी गावातून डोक्यावर आणला होता. रुमालाच्या दुहेरी घडीतून ते पाणी गाळून मी बाटल्या भरल्या आणि आम्ही परतलो.

गाडीत नातू हळूच म्हणाला, “माझ्यामुळे तुमचं शिखर राहिलं ना, आजोबा?”

क्षमा मागण्यासाठी पर्युषणाची वाट पाहणे मला शक्य झाले नाही. गाडी बाजूला उभी करून मी त्याची क्षमा मागितली.

सायंकाळी, सूर्यास्तापूर्वी सारे जेवायला बसलो, तेव्हा घडले ते काहीही न लपवता सांगितले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. उठून त्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावून पाहिला.