पूर्वेस बांध
सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ (१९२४) परवा पुन्हा वाचले. त्यात माडांची बाग येते ती घरच्या कामाच्या ओघात. आम्हांस आमचाच लेख आठवला. बालपणीच्या गावावर लिहिताना दीपमाळ, तळी, पालखी सारे आम्ही वर्णिले. उतरणीखालचे खाजन शेत तेवढे राहिले. वास्तविक देवाच्या नैवेद्याचे तांदूळ तिथल्याच कोरगुट भाताचे! बांध भरतीचे खारे पाणी अडवी, ओहोटीला मानशीची दारे उघडत. वकिलीच्या कागदांत ‘पूर्वेस बांध’ असे आम्हीच कितीदा लिहिले. तो दरसाल चिखलाने लिंपणारे हात मात्र लेखणीत उतरले नाहीत. आता बांध फुटून तिथे कांदळवन माजले आहे. पूर्वेची सीमा नेमकी कोठे, असे अशिलाने विचारले तेव्हा आम्ही निरुत्तर झालो.