वीसनखी

कुत्र्याच्या पायाच्या आतल्या बाजूला, पंजाच्या जरा वर, एक नख असतं. जमिनीला न टेकणारं. इंग्रजीत त्याला ड्यू-क्लॉ म्हणतात, आमच्या जत तालुक्यात नुसतंच अंगठा. गेले दोन महिने आमच्या बंगळुरूच्या फॅमिली क्वार्टरमध्ये याच अंगठ्यावर चर्चा चालली होती. काढायचा की ठेवायचा?

आधी कुत्रीची ओळख करून देतो. नाव चन्नी, वय नऊ वर्षं. रक्त कारवानी. म्हणजे लांब तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट आणि वाऱ्यासारखा पाय. कर्नाटकात याच कुत्र्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली. २००५ साली टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं आणि २०१६ पासून मेरठला आरव्हीसीच्या केंद्रात मुधोळ कुत्री सैन्याच्या कामासाठी तयार होऊ लागली. आमची चन्नी मात्र शुद्ध जातीची नाही. कुठेतरी धनगरी कुत्र्याचं रक्त मिसळलंय. त्याची खूण म्हणजे तिच्या मागच्या पायांनाही अंगठे आहेत.

साधारण कुत्र्याला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी अठरा नखं असतात. चन्नीला वीस. आमच्याकडे अशा कुत्र्याला वीसनखी म्हणतात आणि ते घराला लाभतं, राखणीला तिखट असतं असं मानतात. फ्रान्समध्ये तर बोसरॉन आणि ग्रेट पिरेनीज या मेंढ्या राखणाऱ्या जातींत मागच्या पायाला दुहेरी अंगठा असणं हे जातीचं लक्षणच धरतात. मेंढपाळ जतचा असो की फ्रान्सचा, कुत्र्याची नखं मोजतो.

सात वर्षं चन्नी आबांबरोबर शेतावर होती. आई गेल्यावर आबा धाकट्याकडे सांगलीला राहायला गेले. तिथल्या फ्लॅटमध्ये कुत्रं ठेवायची सोय नव्हती, म्हणून सुट्टीवरून परतताना मी तिला मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने इकडे आणलं. कुत्र्याच्या पेटीत बसून आली. तिचं आधीचं नाव दुसरंच होतं, पण पोरांनी गाडीच्या नावावरून चन्नी केलं आणि तीही त्याला ओ देऊ लागली.

शेतात नखं आपोआप झिजतात. इथे क्वार्टरपुढे सिमेंट, मागे जाळीचं कुंपण, आणि वयामुळे तिचं फिरणंही कमी झालेलं. पावसाळ्यात डाव्या मागच्या पायाचा अंगठा जाळीत अडकला आणि नख मुळापासून उकललं. रक्त बरंच गेलं. मलमपट्टी झाली, तीन आठवड्यांत बरं वाटलं. महिन्याभराने तेच नख तिच्या झोपायच्या तरटात अडकून पुन्हा उकललं. आता ती पाय टेकायला कुरकुरायची आणि रात्रभर ती जागा चाटत बसायची.

ज्या दवाखान्यात पहिल्यांदा नेलं तिथे सल्ला मिळाला की भूल द्यायचीच आहे, तर चारही अंगठे एकदम काढून टाकू, पुन्हा कटकट नको. ऐकायला सोयीचं वाटलं. सौ. म्हणाली, "अहो, पण पुढच्या पायांना काय झालंय?" प्रश्न साधा होता, पण सगळा विचार त्याच्यापासूनच सुरू झाला.

फोनवर आबांना सांगितलं. ते म्हणाले, "आरं, वीसनखी कुत्रं हाय ते. नख काढलं तर मग ऱ्हायलं काय त्यात?" आबांच्या शकुनावर माझा विश्वास नाही. पण देवानं दिलेलं उगाच कापू नये, एवढा त्यांचा मुद्दा मात्र सहज झटकता येत नव्हता.

मग मी साताऱ्याकडच्या एका निवृत्त डॉग हँडलरना विचारलं. आयुष्य कुत्र्यांबरोबर काढलेला माणूस. त्यांनी सांगितलं, "साहेब, पुढचा आणि मागचा अंगठा एका मापाने मोजू नका. पुढच्याला हाड आहे, सांधा आहे, त्याला स्नायूंच्या दोऱ्या बांधलेल्या आहेत. मागचा बहुतेक वेळा नुसत्या कातडीला लटकलेला असतो. हाताने हलवून बघा, मग एक्स-रे काढा."

हलवून बघितलं. पुढचा अंगठा बोटासारखा घट्ट, मागचा किल्लीसारखा लोंबता. त्यानंतर मी चन्नीकडे नीट लक्ष देऊ लागलो. हाड चघळताना ती ते दोन्ही पुढच्या अंगठ्यांमध्ये धरते. डोळ्याला काही गेलं की त्याच अंगठ्याने पुसते. मैदानात पळताना एकदम वळली की मनगट खाली झुकतं आणि एरवी हवेत असलेला अंगठा मातीत रुततो. वळणावर पाय पिळू नये म्हणून तीच तिची मेख. अमेरिकेत २०१८ साली, अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या कुत्र्यांविषयी मालकांकडून माहिती घेऊन एक पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पुढचे अंगठे नसलेल्या कुत्र्यांमध्ये बोटांच्या दुखापती जास्त आढळल्या. डॉग हँडलर साहेबांनी ती पाहणी वाचलेली नसावी, पण सांगितलं तेच.

दुसऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. कन्नडिगा डॉक्टर, बोलणं हिंदीत. त्यांनी तासभर वेळ दिला. त्यांचं म्हणणं असं की पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असताना अंगठा काढणं आणि नऊ वर्षांच्या कुत्र्याचा काढणं या दोन वेगळ्या गोष्टी. मोठ्या कुत्र्याचा पुढचा अंगठा काढायचा म्हणजे सांध्यातून बोट तोडायचं. पूर्ण भूल, टाके, दहा ते चौदा दिवस पट्टी, आणि ती चावू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. पायाच्या खालच्या भागात मांस कमी असतं, कातडी ताणलेली असते, त्यामुळे टाके उसवायची भीती.

त्यातून चन्नी कारवानी वळणाची. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते आणि त्यांचं यकृत काही औषधं सावकाश बाहेर टाकतं. थायोपेंटोनसारखं भुलीचं जुनं औषध दिलं तर ती फार उशिरा शुद्धीवर येतात. म्हणून अशा कुत्र्यांना दुसरी औषधं वापरतात. त्याआधी या वयात मूत्रपिंड आणि यकृतासाठी रक्ततपासणी, आणि हृदयही बघायचं. तुमच्याकडे कारवानी कुत्रं असेल तर भुलीआधी डॉक्टरांना त्याची जात आठवणीने सांगा.

अंगठा काढावा असं कधी म्हणतात, तेही त्यांनी सांगितलं. एकच नख पुन्हा पुन्हा फाटत असेल, जखम औषधाने आटोक्यात येत नसेल, किंवा नखाच्या मुळाशी गाठ आली असेल तर. म्हाताऱ्या कुत्र्यात नखाच्या मुळाशी कर्करोग होऊ शकतो. त्यामुळे सूज उतरत नसेल तर थांबू नये, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवावा. यातलं काही नसेल तर कात्री पुरते.

चन्नीच्या एक्स-रेत डाव्या मागच्या अंगठ्यात पायाला जोडलेलं हाड नव्हतंच, नुसती कातडी होती. रक्ततपासणी चांगली आली. ठरलं ते असं: डावा मागचा काढायचा, कारण तो दुखतोय. उजवा मागचाही लोंबताच आहे, पण तो कधी अडकलेला नाही, तो राहू दे. पुढच्या दोघांना कुणी हात लावायचा नाही.

फौजेत वस्तू दुरुस्तीपलीकडे गेली की बोर्ड बसतो, तपासणी होते, सह्या होतात, मगच ती कंडम होते. चालू वस्तू लगे हाथ कंडम करून टाका, असं कुठला क्वार्टरमास्टर म्हणत नाही. मग जिवंत अंगासाठी त्याहून कमी विचार का करायचा? भरतीच्या मेडिकलमध्ये अंगठा नसलेला जवान घेत नाहीत. एकलव्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिच्यातही एक कुत्रं आहे आणि एक अंगठा आहे. बाणासाठी अंगठा किती मोलाचा, हे मागणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

शस्त्रक्रिया अर्ध्या तासाची झाली. संध्याकाळी चन्नी घरी आली, झोकांड्या खात. भोंगा घालून पहिले दोन दिवस ती प्रत्येक दाराच्या चौकटीला धडकत होती. पोरं हसायची आणि लगेच जवळ जाऊन बसायची. पट्टीवर पाणी जाऊ नये म्हणून बाहेर नेताना पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि आत आल्यावर लगेच काढायची. बाराव्या दिवशी टाके निघाले. आता तिथे रुपयाएवढी बिनकेसांची जागा आहे, आणि चाटणं बंद झालंय.

उरलेल्या तीन अंगठ्यांची नखं दर पंधरा दिवसांनी, रविवारी, मीच कापतो. ती जमिनीला घासत नाहीत, त्यामुळे गोल वाढून कातडीत रुतू शकतात. काळ्या नखात आतली नस दिसत नाही, म्हणून एका वेळी तांदळाच्या दाण्याएवढंच कापायचं. सौ. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसते. तरट काढून जाड सतरंजी घातली आहे. कुंपणाच्या जाळीला खालून दोन फूट पत्रा लावला. शस्त्रक्रियेइतकंच महत्त्व मी या कामांना देतो, कारण नख अडकलं ते जाळीत आणि तरटात.

माजी सैनिक वाचकांपैकी बऱ्याच जणांकडे म्हातारी कुत्री आहेत. कुणी "काढून टाका" म्हणालं, तर आधी दोन प्रश्न विचारा: हेच नख दुखतंय का? आणि आत हाड आहे का? दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका.

मला आणखी दोन वर्षं नोकरी आहे. मग आम्ही गावी परत जाऊ. तोवर चन्नी अकरा वर्षांची असेल. ससा काही तिच्या हाती लागणार नाही, पण शेताच्या बांधावरून वळायला तिचे पुढचे दोन्ही अंगठे जाग्यावर असतील. आबांना फोन करून सांगितलं, एकोणीस राहिली. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं झालं. पर पाय टेकती का आता नीट?"

टेकते, आबा.

जय हिंद.