उलटं बांधलेलं धनुष्य

रिकर्व्ह धनुष्याची दोरी उतरवली की त्याची टोकं पुढच्या अंगाला वळतात, म्हणजे बाण जाणार त्या दिशेला. ज्याने कधी धनुष्य हाताळलेलं नाही, तो त्या आयत्या वाकातच दोरी बांधून मोकळा होतो. कॅलेंडरवरच्या रामाच्या हातात दिसतो तसा साधा अर्धगोल तयार होतो आणि बघणाऱ्याला ते बरोबरच वाटतं. प्रत्यक्षात लाकडावर आणि फायबरग्लासवर भलत्याच बाजूने जोर येत असतो. जगभर जुनी धनुष्यं अशी उलटी बांधून भिंतींवर टांगलेली असतात. त्यातली काही पुढे कुणीतरी हौसेने ओढतो आणि ती मोडतात.

सोलापुरात मंगळवार बाजाराकडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला मिळालेलं धनुष्यही असंच होतं. कपडे वाळत घालायच्या नायलॉन दोरीने उलटं बांधलेलं, सायकलच्या चाकांशेजारी खिळ्याला लटकवलेलं. "नाटकातलं हाय बघा सर. पोरास्नी खेळायला न्या की," दुकानदार म्हणाला. रेल्वे कॉलनीतलं एक घर रिकामं होत होतं, तिथल्या पलंग-कपाटांबरोबर ते आलं होतं. पण नाटकातलं धनुष्य इतकं जड नसतं. मुठीत धरल्यावर बोटं आपोआप जागच्या जागी बसली. मुठीचा तो आकार देणाऱ्या माणसाला हाताची नीट ओळख होती.

घरी आल्यावर आधी ती नायलॉनची दोरी कापली. मग खिडकीतल्या तिरप्या उजेडात अक्षरं वाचायला घेतली. 'ग्रिझली', 'बेअर आर्चरी', 'ग्रेलिंग, मिशिगन', लांबी ५८ इंच, जोर ४५ पौंड. आणि 'कॅनडा पेटंट १९५३'. या शेवटच्या आकड्याने फार लोकांना चकवलं आहे. तो पेटंटचा सन आहे, धनुष्याच्या जन्माचा नव्हे. पुढची अनेक वर्षं तो बेअरच्या धनुष्यांवर छापला जात होता. खरी खूण मुठीजवळच्या गोल बिल्ल्यात असते. १९७२ पर्यंत हा बिल्ला धातूचा आणि लाकडाशी समतल बसवलेला असे, नखाला त्याची कड लागत नसे. पुढे तो उंच उठलेला झाला. माझ्या धनुष्यावरच्या बिल्ल्याला नख अडकलं. शिवाय फ्रेड बेअर यांनी काढलेला हा कारखाना १९७८ मध्ये ग्रेलिंगहून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला आणि इथे तर ग्रेलिंग स्पष्ट छापलेलं होतं. म्हणजे १९७३ ते १९७८ या दरम्यानचं. एक बिल्ला आणि एका गावाचं नाव, एवढ्यावर पन्नास वर्षांपूर्वीचा काळ इतका जवळ येतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.

बाण ज्या जागेवर टेकतो ती जागा झिजून गुळगुळीत झाली होती, तिथलं कातडं निघून गेलं होतं. ती जागा मुठीच्या डाव्या अंगाला, म्हणजे वापरणारा उजव्या हाताने दोरी ओढणारा होता. एरवी शोभेच्या वस्तू झिजत नाहीत. याने खूप बाण सोडले होते.

ओळख पटली तरी त्याची तब्येत कळायची होती. कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून, कडांवरून हळूहळू फिरवायचा. जिथे तंतू अडकतो तिथे काहीतरी उसवलेलं असतं. मग नखाने टकटक करत जायचं. थर एकजीव असतील तर आवाज टणक येतो, सुटले असतील तर बोदा. फायबरग्लासवर पातीच्या लांबीला धरून बारीक रेषा दिसल्या तर बहुधा घाबरायचं कारण नसतं, त्या वयाच्या असतात. रेष आडवी गेली असेल तर मात्र धनुष्य भिंतीवरच शोभतं. इथे रेषा होत्या, पण सगळ्या उभ्या.

सोलापूरचा उन्हाळा अशा वस्तूचा वैरी आहे. मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि पत्र्याच्या छताखाली त्याहून वर. धनुष्याच्या पातीत लाकडाच्या पट्ट्या आणि फायबरग्लासचे थर गोंदाने जोडलेले असतात. तापलेल्या पत्र्याखाली किंवा बंद गाडीत हा गोंद ढिला पडतो आणि पाती पिळली जाते. खालच्या पातीला तसा किंचित पीळ पडला होता. ती गरम पाण्याच्या धारेखाली धरून उलट्या दिशेने हलक्या हाताने फिरवायची आणि तशीच धरून गार पाण्याखाली न्यायची. दर वेळी अगदी थोडं थोडं. हे काम संध्याकाळी गॅलरीत चालायचं आणि पाती हळूहळू सरळ झाली.

आपल्याकडची जुनी शिंगाची धनुष्यं आठवायची ती अशा वेळी. मुघल आणि दख्खनी लढवय्यांच्या हातातल्या त्या कमानींत पोटाला शिंग असे, पाठीला जनावराच्या कंडरा, मध्ये लाकूड आणि सगळं सरसाने जोडलेलं. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसतात. ग्रेलिंगच्या कारखान्यातल्या फायबरग्लासने त्या दोघांचीच जागा घेतली. त्या कमानींना बाधायची ती ओल, कारण दमट हवेत सरस मऊ पडतो. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं घडवली गेली, ती शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी त्यांना हवेचं भय नव्हतं. इथून शंभरेक किलोमीटरवर आदिलशाहीची राजधानी विजापूर. या कोरड्या पठारावर शिंगाची कमान कोकणापेक्षा नक्कीच सुखाने नांदली असणार.

पॉलिशवाल्याने विचारलं होतं, "घासून नवंकोरं करून देऊ का?" मी नको म्हटलं. पॉलिश पेपर फिरला की अक्षरं जातात आणि अक्षरं गेली की ओळखच गेली. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि शेवटी मेणाचा हात, एवढंच केलं. ओरखडे राहू दिले. ते त्या अनोळखी तिरंदाजाचे आहेत, पुसायचा हक्क मला नाही.

सगळ्यात आनंदाचं काम दोरीचं. हल्लीच्या धनुष्यांच्या दोऱ्या जवळजवळ न ताणणाऱ्या धाग्याच्या असतात. त्या जुन्या धनुष्याला लावल्या तर प्रत्येक बाणाचा हिसका थेट टोकांवर बसतो आणि टोकं फुटतात. इथे डॅक्रॉनच हवा, म्हणजे थोडा ताणणारा पॉलिस्टर. आणि दोन खिळ्यांत धागा घोळवून समान ताणात वेढे घेणं हे चादरींच्या या गावात कुणी शिकवायला लागत नाही. पूर्व भागातल्या एका वयस्कर मागवाल्यांकडे रीळ घेऊन गेलो. चौदा पदर, तयार लांबी चोपन्न इंच, एवढं सांगितलं. त्यांनी प्रत्येक पदर बोटाने छेडून पाहिला, एक सैल लागला तो उलगडून पुन्हा घेतला. "एक धागा ढिला राहिला तर बाकीच्यांनी त्याचं वजन ओढायचं व्हय?" ते म्हणाले. मग मध्यभागी, बाण बसतो तिथे, जाड दोऱ्याचा घट्ट वेढा दिला. इतकी देखणी दोरी मी दुकानातही पाहिलेली नाही.

शेजारच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा तिरंदाज प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकपर्यंत गेला. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. अदिती आणि ओजस यांची धनुष्यं चाकं लावलेली कंपाउंड जातीची, माझ्या या लाकडी म्हाताऱ्याहून फार वेगळी. पण दोरी ओढताना पाठीत जमणारं बळ आणि सोडण्याआधीची ती स्थिरता तीच.

दोरी चढवली ती बरोबर बाजूने, पायाने न दाबता, दोन्ही टोकांत अडकणाऱ्या पट्ट्याने. मुठीपासून दोरीचं अंतर साधारण आठ इंच भरलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा आणून एकेक इंच ओढत गेलो, प्रत्येक इंचाला थांबत, कान पात्यांकडे लावून. एकदाही कुरकुर नाही. २८ इंचांवर काटा ४२ पौंडांवर थांबला. इतक्या वर्षांत गेले ते फक्त तीन पौंड.

बाण मात्र अजून नाहीत. ते मला लाकडीच हवेत आणि सगळ्यांचा लवचिकपणा सारखा हवा, नाहीतर एक डावीकडे जाईल, एक उजवीकडे. तोवर रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवलं आहे. बाणाविना सुटलेला सगळा जोर पात्यांवरच उलटतो. शेजारची नववीतली मुलगी रोज विचारून जाते. तिला सांगितलं आहे, आधी वीस पौंडांच्या धनुष्यावर खांदे तयार कर, मग हे.