विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपल्याकडे म्हणतात ते बहुधा बदलीच्या नोकरीतल्या माणसाविषयी, आणि तेही थोड्याशा कीव आल्याच्या स्वरात. पण खरे सांगायचे तर त्या माणसाचे बिऱ्हाड पाठीवर कधीच नसे. ते ट्रकवर असे. कपाटे, पलंग, पाट, घागरी, वर कडेला दोरीने बांधलेली तुळशीची कुंडीसुद्धा! पाठीवर बिऱ्हाड म्हणजे काय, ते मला जपानात राहायला आल्यावर कळले.

चार वर्षांत मी इथे पाच खोल्या बदलल्या. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. करार नेईल त्या गावी जायचे, सामानासकट मिळणारी खोली भाड्याने घ्यायची, आणि आपले म्हणून जे काही असेल ते एका सॅकमध्ये. सॅक ४० लिटरची, कॉलेजात असताना राजगडावर नेत असे तीच. तेव्हा तिच्यात दोन दिवसांचा संसार मावे, आता सगळा मावतो.

चार वस्तू जास्त घेतल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की इथे वस्तू घेणे सोपे आणि टाकणे अवघड. तोक्योत गादी, खुर्ची असले काही टाकायचे तर आधी कळवून दिवस ठरवून घ्यावा लागतो. मग दुकानातून ठरावीक किमतीची चिठ्ठी विकत आणायची, वस्तूवर चिकटवायची आणि नेमल्या दिवशी सकाळी ती बाहेर ठेवायची. फ्रीज, दूरदर्शन संच, कपडे धुण्याचे यंत्र यांना तर २००१ पासून वेगळा कायदाच लागू आहे. त्यांच्या विल्हेवाटीचा खर्च टाकणाऱ्याच्याच माथी. रद्दीवाल्याशी पावशेरासाठी वाद घालून वाढलेल्या आपल्या मनाला हा उलटा हिशोब पचायला वेळ लागतो. पण एकदा पचला, की दुकानात पुढे गेलेला हात आपोआप मागे येतो.

शिवाय ज्या गोष्टींचे वजन घालवता येते त्यांचे वजन काळाने आधीच घालवले आहे. माझी ज्ञानेश्वरी फोनमध्ये आहे, लग्नामुंजींचे फोटो फोनमध्ये आहेत, भावाच्या मुलाचे बोबडे बोलही तिथेच आहेत. उरले ते तीन कुडते, दोन पँटी, दिवाळीपुरती एक सुती साडी, कागदपत्रे, लॅपटॉप, एक छोटे लाटणे. आणि गोधडी.

या देशात कमी सामानाची परंपरा मोठी जुनी आहे. कामो नो चोमेई नावाचा एक विरक्त लेखक डोंगरात दहा फूट लांब नि दहा फूट रुंद अशा झोपडीत राहिला. मन उडाले तर झोपडी मोडून दोन गाड्यांत घालून न्यावी, अशी तिची बांधणी होती. १२१२ साली त्याने तिच्यावर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. पण त्याही झोपडीत दोन तंतुवाद्ये होती बरे का! आणि पुस्तकाच्या अखेरीस तो स्वतःलाच विचारतो, की या झोपडीवर जडलेला जीव हाही मोहच नव्हे काय?

बाशो हा कवी १६८९ साली एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, उत्तरेच्या लांबच्या वाटेला पायी निघाला. पहिल्याच मुक्कामी त्याचे हाडकुळे खांदे दुखून आले. कागदी अंगरखा, पावसाचे कपडे, शाई, कुंचले एवढे त्याला हवेच होते. पण निरोप देताना मित्रांनी हातात ठेवलेल्या भेटी? त्या टाकवत नव्हत्या, म्हणून तो त्या वाहत राहिला. हे वाचल्यापासून मला बाशो आपल्या घरातला वाटू लागला आहे.

माझी गोधडी १ किलो ८०० ग्रॅम भरते. आईच्या साड्यांचे थर, मध्ये आजीचे एक नऊवारी, आणि वरून खालपर्यंत धावदोरा. आजवर मी ती कापडी पिशवीत घालून काखोटीला मारून नेत असे. या खेपेला फुकुओकाला विमानाने जायचे होते, आणि स्वस्त तिकिटावर सोबत न्यायचे सामान सगळे मिळून सातच किलो. शंभर येनच्या दुकानातून हवा काढून टाकण्याची पिशवी आणली. गोधडी पापडासारखी चपटी झाली. पण हवा काढता येते, वजन काढता येत नाही.

आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "मग टाकून दे की बाई. चिंध्याच त्या. मी दुसरी शिवून ठेवते."

आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही. शेजारची मुलगी शाळेतून आली की ओवून देते. हे तिने मला सांगितलेले नाही. वहिनीने सांगितले आहे.

गोधडीला कसली चिठ्ठी लावायची ते विचारायला मी घरमालकीणबाईंकडे गेले. सत्तरीच्या बाई. त्यांनी घडी उलगडली, धावदोऱ्यावरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "साशिको!" त्यांचे माहेर आओमोरीचे. तिकडच्या थंडीत कापूस पिकत नसे, म्हणून सुती कापडाची चिंधीन् चिंधी जपायची आणि थरावर थर ठेवून असाच टाका घालायचा. त्यांच्या आजीचा हात असाच चालायचा म्हणे. गोधडीची घडी पूर्ववत घालून त्यांनी ती माझ्या हातात दिली. चिठ्ठीचे नाव काढले नाही.

मी जोडे काढले, दुसरा स्वेटर काढला, लाटणेही काढून त्या बाईंना देऊन टाकले. काटा सातावर आला.

विंचवाची मादी पाठीवर भांडीकुंडी वाहत नाही, पिले वाहते. जन्मली की ती आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. म्हणीतले बिऱ्हाड ते हे. आमच्या घरी मात्र उलटे झाले आहे. पिलू सॅक घेऊन फिरते आणि पाठीवर आई असते.

"टाकलीस का गं?" फुकुओकाला पोचल्यावर आईने विचारले.

"नाही. आणली."

"वेडीच आहेस." मग जरा थांबून, "उन्हात घालत जा अधूनमधून. नाहीतर कुबट वास येतो."

इथे ऊन पडले की घरोघरच्या सज्जांत गाद्या वाळत पडतात. त्या रांगेत आता एक गोधडीही असते.