ग्वाल्हेरच्या कंपूत

ग्वाल्हेरास जाणारा मराठी प्रवासी प्रथम किल्ला पाहतो, मग तानसेनाची कबर, मग शिंद्यांचा राजवाडा. आम्हीही तेच केले. परंतु ह्या लेखात सांगावयाचे आहे ते कंपूविषयी.

इ. स. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली. तीच आजचे लष्कर. कंपू हा तिचाच भाग. शिंद्यांच्या कवायती पलटणींस कंपू म्हणत. आज तेथे जयाजीराव शिंद्यांचे नाव धारण करणारे जयारोग्य रुग्णालय आहे, आणि त्याला जोडून 1946 साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी येथून माणसे गाठोडी घेऊन येथे येतात. एकेका रुग्णामागे चार नातलग. आणि त्या सर्वांचे प्रश्न शेवटी एकाच पांढऱ्या गणवेशाकडे वळतात.

आपल्या गावांतूनही कितीतरी मुली परिचारिका झाल्या आहेत. म्हणून वाचकहो, हे मुद्दाम सांगतो. दुसऱ्याचे दुःख रोज उचलणारीचे मन एके दिवशी बधिर होते. रुग्ण तिला खाटेचा क्रमांक वाटू लागतो. झोप लागत नाही. मृत्यू पाहूनही डोळे कोरडे राहतात, आणि घरी दूध उतू गेले म्हणून रडू कोसळते. लोक म्हणतात, सिस्टर निष्ठुर आहे. वस्तुतः जिला मुळीच दया नव्हती, तिला हा थकवा येतच नाही! कार्ला जॉइन्सन ह्यांनी 1992 साली परिचारिकांच्या संदर्भात ह्या अवस्थेस ‘करुणेचा थकवा’ अशा अर्थाचे नाव दिले.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा दिवा सर्वांस ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धातून 1856 साली परतल्यावर त्या पुढे कित्येक वर्षे आजारी होत्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

उपाय काही अंशी सरकारच्या हाती आहे. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. ते पाळले गेले तर निम्मे दुखणे हटेल, असे आम्हांस वाटते. सहकारिणीजवळ मन मोकळे करणे, वेळेवर जेवणे, सुटीचा दिवस खरोखर सुटीचा ठेवणे, एवढे तिच्या हाती. उरलेले घरच्यांच्या हाती. कारण रात्रपाळी करून आलेल्या सुनेसमोर चूल वाट पाहत असेल, तर तिने विसावा घ्यावा कोठे?

सकाळी पाळी बदलली. फाटकाबाहेर एक परिचारिका ई-रिक्षात बसली आणि रिक्षा वळण्यापूर्वीच झोपी गेली. चालकाने मागे पाहिले व भोंगा न वाजविता गाडी हळू काढली.