तीन रेघा

आमच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी संपर्कसत्रे होतात. गेल्या महिन्यात सत्र संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. फलकावर मानसशास्त्र अभ्यास मंडळाच्या सभासद नोंदणीची सूचना लावलेली होती. ती तिने दोनदा वाचली आणि मला विचारले, "मॅडम, मंडळात नाव घातलं तर गुण मिळतात का?" ती एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि रात्रपाळी संपवून थेट सत्राला येते. ज्याला अभ्यासासाठी स्वतःच्या झोपेतून वेळ काढावा लागतो, त्याने प्रत्येक तासाचा हिशेब मागावा, हे योग्यच आहे. "गुण मिळत नाहीत," एवढेच मी तिला सांगितले. उरलेले उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. ते येथे लिहीत आहे.

मी बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा माझे वय २९ होते. महाविद्यालयाचे सत्र सकाळचे होते. सात वाजून दहा मिनिटांनी पहिला तास सुरू होई आणि शेवटचा तास संपला की मी एका पतसंस्थेच्या रोखपालाच्या खिडकीत जाऊन बसे. वर्गातील मुले माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती. पहिल्या दिवसापासून ती मला 'ताई' म्हणू लागली. त्या संबोधनात आदर होता, तसे अंतरही होते. मधल्या सुट्टीत त्यांचे घोळके जिन्यावर बसत आणि मी ग्रंथालयात जाई. मानसशास्त्र हा विषय का घेतला, असे कोणी विचारलेच तर "गुण चांगले पडतात म्हणून" असे मी सांगत असे. ते खरे नव्हते.

दुसऱ्या वर्षी अभ्यास मंडळाची सूचना लागली. वर्गणी वीस रुपये होती आणि खाली एक ओळ होती : 'गुणांची अट नाही.' पुढे अभ्यासात मला कळले की अमेरिकेत 'साय काय' नावाची मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांची एक सन्मान-संस्था आहे. १९२९ साली येल विद्यापीठात मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असताना तिची स्थापना झाली. तेथे सभासदत्व गुणवत्तेवर मिळते आणि ते मिळणे हाच एक सन्मान समजला जातो. त्या व्यवस्थेलाही तिचा अर्थ आहे. परंतु आमच्या फलकावर तशी अट असती, तर माझ्यासारखी पाच वर्षांच्या खंडानंतर अकरावीला बसलेली विद्यार्थिनी त्या सूचनेजवळ थांबलीच नसती. अडचण वेळेची होती. मंडळाची बैठक शनिवारी पावणेअकराला असे. आमच्या व्यवस्थापकांनी शनिवारी अर्धा तास उशिरा येण्यास परवानगी दिली. त्याबदल्यात संध्याकाळी रोजकीर्द जुळेपर्यंत थांबण्याचे मी कबूल केले. वीस रुपयांची पावती मी पर्समध्ये जपून ठेवली.

मंडळाचे काम फारसे थाटामाटाचे नव्हते. महिन्यातून एकदा भित्तिपत्रक काढायचे, एखादे पुस्तक वाचून त्याविषयी बोलायचे, अधूनमधून एखादा साधा प्रयोग करून पाहायचा. माझे अक्षर बरे असल्याने भित्तिपत्रकाचा मजकूर माझ्याकडे आणि चौकटी रंगवण्याचे काम पहिल्या वर्षाच्या एका अबोल मुलाकडे, अशी वाटणी झाली. तो मान खाली घालून वेलबुट्टी काढत राही. तीन महिन्यांत आम्ही एकमेकांशी तीन वाक्येही बोललो नसू.

एका शनिवारी मी खोलीत शिरले तेव्हा आठ खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. सात भरल्या होत्या. शेवटून दुसरी माझ्यासाठी मोकळी होती. बाईंनी दोन पुठ्ठे दाखवले. एकावर एकच उभी रेघ होती. दुसऱ्यावर लहान-मोठ्या तीन रेघा होत्या आणि त्यांना एक, दोन, तीन असे आकडे दिले होते. पहिल्या पुठ्ठ्यावरच्या रेघेएवढी यांतली कोणती, ते प्रत्येकाने मोठ्याने सांगायचे होते. प्रश्न बालवाडीतला वाटावा इतका सोपा होता. पहिल्या दोन वेळा सर्वांचे उत्तर एकच आले. तिसऱ्या वेळी दुसरी रेघ बरोबर असल्याचे मला स्पष्ट दिसत होते, परंतु पहिली मुलगी म्हणाली, "तीन." दुसरा म्हणाला, "तीन." माझ्यापर्यंत येईतो सहा जणांनी शांतपणे तीनच म्हटले. मला प्रथम वाटले, आपल्या चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग वाटले, प्रश्नच आपण नीट ऐकला नाही. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "तीन."

सहा वेळा पुठ्ठे बदलले. त्यांपैकी चार वेळा त्या सर्वांनी चुकीचे उत्तर दिले आणि चारपैकी तीन वेळा मी त्यांच्यामागे गेले. मग बाईंनी पट्टी घेऊन रेघा मोजून दाखवल्या आणि सारे उलगडून सांगितले. बाकीच्या सातजणांना आदल्या दिवशीच्या बैठकीत सूचना दिलेल्या होत्या. कामामुळे त्या बैठकीला नसलेली मी एकटीच होते, म्हणून माझी निवड झाली. "तुम्हांला आधी सांगता आलं नाही, त्याबद्दल माफ करा. आधी सांगितलं असतं तर प्रयोगच झाला नसता," असे त्या म्हणाल्या आणि मला वाईट वाटले का, हेही त्यांनी विचारून घेतले.

हा प्रयोग सॉलोमन अ‍ॅश यांचा. अमेरिकेत त्यांनी तो केला आणि १९५१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रयोगात १८ फेऱ्या होत्या आणि त्यांपैकी १२ फेऱ्यांत गट मुद्दाम चुकीचे उत्तर देई. माणूस एकटा असताना अशा प्रश्नात शंभरातून एकदाही चुकत नाही. गटात बसल्यावर मात्र सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटासारखी चुकीची आली. सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींनी किमान एकदा तरी गटाची री ओढली. हे ऐकून मुले हसली, मीही हसले. पतसंस्थेकडे चालत जाताना मात्र मला हसू येईना. कोणीही माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती, धाक दाखवला नव्हता. तरीही डोळ्यांना दिसलेले मी जिभेवर येऊ दिले नव्हते. आणि असे वागण्याची माझी ही पहिली वेळ नव्हती.

मला एक मोठा भाऊ आहे. दादा सुरतेला एका कारखान्यात नोकरीला होता. २४व्या वर्षी त्याला कोणीतरी आपल्याविषयी बोलत असल्याचे आवाज ऐकू येऊ लागले. तो जेवेनासा झाला, झोपेनासा झाला. बाबा त्याला घरी घेऊन आले. आधी देवऋषी झाले, अंगारे-धुपारे झाले आणि दोन वर्षे वाया गेल्यावर डॉक्टर झाले. आजाराचे नाव स्किझोफ्रेनिया. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हा शब्द रूढ केला. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. त्या शब्दामुळे एका देहात दोन माणसे असा पुष्कळांचा समज होतो, पण तो खरा नाही. विचार, भावना आणि वास्तवाचे भान यांची सांगड या आजारात सुटत जाते. बहुधा ऐन तारुण्यात तो सुरू होतो आणि औषधोपचार नियमित चालू राहिले तर पुष्कळ माणसे सावरतात. दादाही सावरत होता. काही महिने सरकारी मनोरुग्णालयात, काही महिने घरी, असे त्याचे चालले होते.

परंतु आमच्या घराबाहेर दादा सुरतेलाच होता. ही गोष्ट प्रथम बाबांनी कोणाला तरी सांगितली. मग आईने सांगितली, काकांनी सांगितली आणि शेवटी मीही सांगू लागले. नऊ वर्षे सांगत राहिले. 'तू खोटे बोल' असे मला कोणी म्हटले नव्हते. सर्वांनी एकाच रेघेकडे बोट दाखवले होते, म्हणून मीही तिच्याकडे दाखवले. कारणही माझ्याच भल्याचे होते : घरात असा आजार आहे असे कळले, तर मुलीचे लग्न जमायचे नाही. दादा घरी असताना पाहुणे आले की तो मुकाट्याने आतल्या खोलीत जाऊन बसे. आपण सुरतेला असल्याचे त्याला भिंतीपलीकडून ऐकू येई. नसलेले आवाज ऐकू येतात म्हणून ज्याला आम्ही रोज गोळ्या देत होतो, त्याला आम्ही खरेखुरे आवाज असे ऐकवत होतो. हे मला त्या दिवशी भर रस्त्यात उमगले आणि पतसंस्थेत त्या संध्याकाळी माझी रोजकीर्द दोनदा चुकली.

पुढच्या शनिवारी बाईंनी प्रयोगात एकच बदल केला. नव्याने आलेल्या एका मुलाला शेवटून दुसऱ्या खुर्चीत बसवले आणि आधीच्यांपैकी एकाला प्रत्येक वेळी खरे उत्तर द्यायला सांगितले. बाकी सर्वजण चुकीचेच सांगत होते. तरी तो नवा मुलगा एकदाही डगमगला नाही. अ‍ॅश यांनाही असेच आढळले होते : एक सोबती खरे बोलू लागला की गटामागे जाण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्यावर उतरते. सोबतीला बहुमत करावे लागत नाही, वादही घालावा लागत नाही. त्याला दिसले तेवढे त्याने बोलावे, इतके पुरते. आमच्या घरात असा सोबती मीही होऊ शकले असते, हा विचार मला आठवडाभर छळत राहिला. तरीही मी काही केले नाही. समजणे आणि बोलणे यांत किती अंतर असते, ते पुस्तकात लिहिलेले नसते.

१९९२पासून १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. त्या वर्षी मंडळाने 'देवराई' हा चित्रपट दाखवायचे ठरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २००४ सालचा चित्रपट स्किझोफ्रेनिया झालेल्या भावाचा आणि त्याला सांभाळणाऱ्या बहिणीचा आहे. मला विषय माहीत नव्हता. अंधारात मी पदराचे टोक मुठीत घट्ट धरून बसले होते. दिवे लागल्यावर बाईंनी चर्चेला सुरुवात केली. कोणी अभिनयावर बोलले, कोणी छायाचित्रणावर. कोणीतरी म्हणाले, "अशी माणसं खऱ्या आयुष्यात आपल्याला कुठे भेटतात?"

तेव्हा चौकटी रंगवणारा तो अबोल मुलगा उभा राहिला. त्याची नजर जमिनीकडे होती. तो म्हणाला, "माझी आई अशी आहे. आम्ही कोणाला सांगत नाही." एवढे बोलून तो खाली बसला.

सभागृहात कोणी काही बोलेना. मी उठले. माझ्या तोंडून जे पहिले वाक्य निघाले, ते कोणालाच कळले नाही. मी म्हणाले, "माझा दादा सुरतेला नाही." मग मला सगळे सांगावे लागले. सांगून झाल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत, हे फार बरे झाले. बाईंनी त्यावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी आम्हा दोघांचे आभार मानले आणि पुढचा कार्यक्रम कधी, ते सांगितले. फाटकापर्यंत तो मुलगा माझ्याबरोबर चालत आला. "दादांचे हात थरथरतात का? आईचे थरथरतात, कप धरता येत नाही," त्याने विचारले. मी म्हणाले, "आधी थरथरायचे. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदलून दिलं. तूही सांगून बघ." नऊ वर्षांत दादाविषयी घराबाहेर मी बोललेली ही पहिली साधी गोष्ट होती. तीत लाजही नव्हती आणि कीवही नव्हती.

दिवाळीत माझ्यासाठी एक स्थळ सांगून आले. पाहुण्यांनी विचारले, "थोरले चिरंजीव सुरतेला असतात ना?" बाबा 'हो' म्हणणार, एवढ्यात मी म्हणाले, "दादा आतच आहे. बोलावते." फराळाची ताटली पुढे करणारा आईचा हात तसाच थांबला. दादा बाहेर आला, खुर्चीच्या कडेवर बसला, त्याने एक चकली खाल्ली आणि पाहुण्यांना त्यांच्याकडच्या पावसाविषयी विचारले. आजाराचे नावही मीच सांगितले. ते स्थळ पुढे सरकले नाही. बाबा माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत आणि त्यांचे दुःख खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. परंतु त्यानंतर एका सकाळी आई नळावर शेजारणीला सांगत होती, "थोरल्याला आज दवाखान्यात न्यायचंय, तपासायला." मी खिडकीशी उभी होते. दादाही माझ्या मागे उभा होता. त्यानेही ते ऐकले. तो काही बोलला नाही, पण पाहुणे आल्यावर तो पुन्हा कधी उठून आत गेला नाही.

पुढे मी एम.ए. केले आणि अभ्यासकेंद्रावर शिकवू लागले. मंडळात मी एकूण किती प्रयोग केले, किती भित्तिपत्रके लिहिली, ते आता आठवत नाही. वर्षअखेरीला एक प्रमाणपत्र मिळाले होते. ते कोणत्याही अर्जाला जोडण्याची वेळ आली नाही. मंडळात जाऊन प्रत्येकाला असेच काही लाभेल, असे मी म्हणत नाही. दूरस्थ शिक्षण घेणारा विद्यार्थी तर बहुतेक वेळ एकटाच असतो. रात्री सर्वजण झोपल्यावर तो पुस्तक उघडतो, शंका आली तर स्वतःलाच विचारतो आणि आपल्यासारखे कोणी नाही असे त्याला सहज वाटू लागते. आठवड्यातून एकदा शेजारच्या खुर्चीत कोणी बसलेले असेल, तर निदान ते तरी पडताळून पाहता येते.

त्या परिचारिकेला मी पुढच्या रविवारी एवढे सांगणार आहे की बैठक सत्रानंतर अर्धा तासच असते, वर्गणी अजूनही फार नाही आणि रात्रपाळीमुळे एखादी बैठक चुकली तरी चालते.